कॅमेऱ्याबरोबर घरही हलते तेव्हा

आमच्या हिमायतनगरातून रोजीसाठी हैदराबाद, पुणे, मुंबई गाठणारी माणसे नवी नाहीत. मजूर जातो, कारागीर जातो, शिकलेला मुलगा जातो. पण ज्याचा धंदाच गावच्या ओळखीवर उभा आहे, त्याने जायचे ठरवले तर? लग्नाचे फोटो काढणारा असाच माणूस. त्याला काम मिळते ते दुकानाच्या पाटीमुळे नव्हे. मोठ्या मुलीच्या निकाहात तो होता, म्हणून धाकटीच्या निकाहातही त्यालाच बोलावतात. ही ओळख पेटीत भरून नेता येत नाही.

आता मोठ्या शहरांत रोलवर काढलेल्या लग्नाच्या फोटोंना पुन्हा हौशी गिऱ्हाईक मिळू लागले आहे. ज्यांच्याकडे जुने फिल्मचे कॅमेरे आणि रोल धुण्याचे ज्ञान टिकून आहे, त्यांच्या मनात येते की इथे तालुक्याला बसण्यापेक्षा शहरात जावे. विचार चुकीचा नाही. मात्र स्टुडिओ हलतो तेव्हा त्याबरोबर बायको, मुले, अम्मी-अब्बाही हलतात, आणि बहुतेक घरांत हिशेब फक्त स्टुडिओचा होतो. घराचा हिशेब कसा मांडावा, हे सांगणारे एक मोठे उदाहरण आपल्याच जुन्या मुलखाचे आहे.

इंदूरहून दख्खनला

हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्यात उत्तरेकडून येऊन एका फोटोग्राफरने आपले घर आणि धंदा दोन्ही वसवले. त्यांचे नाव लाला दीनदयाल. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीला लागले. फोटो काढणे तिथे छंद म्हणून सुरू झाले. संस्थानिकांचे आणि इंग्रज अधिकाऱ्यांचे काम मिळू लागले, तरी नोकरी त्यांनी एका दिवसात सोडली नाही. आधी दीर्घ रजा घेतली, त्या काळात काम वाढवले, आणि धंदा आपल्या पायावर उभा राहतो हे दिसल्यावरच पगारावर पाणी सोडले.

१८८५ च्या सुमारास ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या राज्यात आले. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. पुढे निजामांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमले आणि १८९४ साली राजा मुसव्विर जंग बहादूर हा किताब दिला. १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. ज्ञानचंद आणि धरमचंद हे दोन्ही मुलगे याच कामात होते. ज्या वेरूळच्या लेण्यांना आपण मुलांची सहल नेतो, त्यांचेही फोटो त्यांनी काढले. १९०५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या काचेच्या सुमारे २,८०० निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत.

अर्थात, दीनदयाल यांच्या पाठीशी दरबार होता, आपल्या गावच्या फोटोग्राफरच्या पाठीशी तो नाही. तरी त्यांच्या वाटचालीतून दोन गोष्टी कोणालाही घेता येतात. पहिली, हातचा पगार त्यांनी पायरीपायरीने सोडला. दुसरी गोष्ट आमच्या मते जास्त मोलाची आहे.

जनानी स्टुडिओ

हैदराबादला आल्यावर दीनदयाल यांच्या लक्षात आले की अर्धे गिऱ्हाईक त्यांच्या दारात येऊच शकत नाही. खानदानी घरांतल्या बेगमा आणि मुली परक्या पुरुषासमोर फोटोला बसणार नव्हत्या. त्यांनी या रिवाजाला नावे ठेवली नाहीत, की त्यांना समजावत बसले नाहीत. १८९२ साली त्यांनी हैदराबादला फक्त स्त्रियांसाठी वेगळा जनानी स्टुडिओ काढला. तो केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती सोपवला आणि आत काम करणाऱ्याही स्त्रियाच ठेवल्या. परक्या गावात परक्या धर्माच्या घरांचा भरवसा त्यांनी असा कमावला.

ही गोष्ट आजच्या आपल्या घरांना थेट लागू पडते. आपल्याकडच्या कितीतरी निकाहांत पुरुषांच्या बाजूचे फोटो भरपूर निघतात आणि नवरीच्या बाजूचे मोबाइलवर कसेबसे उरकतात, कारण जनानखान्यात जाऊ शकेल अशी फोटो काढणारी बाई मिळत नाही. शहरात जाणाऱ्या फोटोग्राफरच्या घरात मात्र अशी बाई बहुधा असतेच. बायकोने वर्षानुवर्षे अल्बम लावलेले असतात, निगेटिव्ह ओळखून वेगळ्या केलेल्या असतात, गिऱ्हाइकांचे हिशेब लिहिलेले असतात. मोठी मुलगी कॅमेरा हाताळत असते. त्यांना नीट शिकवले आणि त्यांच्या कामाचा वेगळा मोबदला धरला, तर नव्या शहरात तोच धंद्याचा सर्वांत मजबूत पाय ठरेल. म्हणून जायचे की नाही, हे बायकोला बस्ता बांधायच्या दिवशी कळू नये. धंद्यात तिचा वाटा आहे, तर निर्णयातही असला पाहिजे.

निगेटिव्ह ही अमानत

सामान बांधताना कॅमेरे सगळ्यात आधी आठवतात आणि जुन्या निगेटिव्हच्या पेट्या सगळ्यात शेवटी. खरी जबाबदारी त्या पेट्यांत आहे. त्यांत गावातल्या लेकी-सुनांचे चेहरे आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणाऱ्याचा असतो. कायदा बाजूला ठेवला तरी ती अमानत आहे. निघण्याआधी प्रत्येक घराला निरोप द्यावा: तुमच्या निगेटिव्ह हव्या असतील तर घेऊन जा, नको असतील तर आमच्याजवळ राहतील, नष्ट करायच्या असतील तर तुमच्यासमोर करू. रद्दीत किंवा दुकान विकत घेणाऱ्याच्या हाती त्या जाता कामा नयेत. नव्या शहरात नमुना म्हणून कोणाही नवरीचा फोटो विचारल्याशिवाय लावू नये. पुढच्या हंगामाचा इसार घेतला असेल, तर येऊन काम करावे किंवा पैसे परत करून मगच गाव सोडावे.

ज्या निगेटिव्ह बरोबर न्यायच्या, त्यांना क्रमांक द्यावा आणि वहीत नोंद करावी. दीनदयाल यांच्या फोटोंवरही क्रमांक असत. पेट्या उन्हात तापणाऱ्या ट्रकमध्ये टाकू नयेत. न धुतलेले रोल विमानात मोठ्या सामानात देऊ नयेत, हातात ठेवावेत आणि यंत्रातून घालण्याऐवजी हाताने तपासण्याची विनंती करावी. नव्या पद्धतीच्या तपासणी यंत्रांनी फिल्म खराब होऊ शकते. शक्य तर निघण्याआधीच सगळे रोल धुऊन घ्यावेत. धुलाईची रसायने रेल्वेने नेऊ नयेत, तिकडे नवी घ्यावीत.

मुलांची शाळा

आम्ही शिक्षक असल्याने हा भाग आमच्या रोजच्या अनुभवाचा. दाखला मागायला आलेल्या पालकाला आम्ही विचारतो, तिकडे कोणत्या शाळेत घालणार? उत्तर येते, आधी जाऊ तर द्या. शेजारी उभी असलेली पोर मात्र हळूच विचारते, "अब्बा, तिथे उर्दू शाळा असेल ना?" तिचा प्रश्न घरभाड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या राज्यातही सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागता येते. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच दिला पाहिजे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे पालकांनी ठामपणे सांगावे. नववी-दहावीत मात्र मंडळ बदलणे मुलाला जड जाते. घरात दहावीचे मूल असेल तर परीक्षा होईपर्यंत कुटुंबाने गावातच थांबणे बरे.

भाषेचा विचारही आधीच करावा. तेलंगणात उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा आहे, पण २०१८ च्या कायद्याने तिथे पहिलीपासून दहावीपर्यंत तेलुगू शिकावीच लागते. उर्दू-मराठी शिकलेले मूल ती शिकेल, फक्त सहा महिने आधीपासून अक्षरओळख करून दिली तर वर्गात खाली मान घालून बसणार नाही. आणि मराठी सोडू देऊ नका. आजीचे पत्र आणि गावाकडचा सातबारा याच भाषेत आहे.

जाण्याचा क्रम

एकदम सगळे उचलण्यापेक्षा एक हंगाम घरच्या एकाने जाऊन काम करून पाहावे. रोल धुणारी लॅब जवळ आहे का, भाडे कमाईत बसते का, मोहल्ल्यात शाळा आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. दुकानाचा परवाना नव्या ठिकाणी नव्याने काढावा लागतो. जीएसटीची नोंदणीही राज्यानिहाय असते. शिधापत्रिकेवरचे धान्य मात्र आता देशात कुठल्याही राज्यात घेता येते. अम्मी-अब्बांना विचारल्याशिवाय त्यांचे राहणे ठरवू नये. कित्येकांना मशीद, ओळखीचा डॉक्टर आणि ओटा सोडून तिसऱ्या मजल्यावरची खोली नको असते. ते गावी राहणार असतील, तर त्यांच्याजवळ कोण थांबणार हे त्याच बैठकीत पक्के करावे.

हा हिशेब मांडून एखाद्या घराने जायचे ठरवले, तर आम्ही त्यांना अडवणार नाही. आणि मांडून झाल्यावर गावातच राहायचे ठरले, तर तोही तोटा नाही. मुलीच्या हाती कॅमेरा देऊन जनानखान्याचे काम हिमायतनगर, भोकर, किनवटलाही सुरू करता येते. त्यासाठी देश ओलांडावा लागत नाही.