वेशीच्या आत: मंडळीची सेवा गावात रुजते कशी

वाशीमला इंग्रज अमदानीत बासीम म्हणत. त्या बासीममध्ये १९३८ साली चर्च ऑफ द नाझरीन या मिशनने एक रुग्णालय सुरू केलं. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी ते उभं केलं आणि आपलं जवळपास सगळं उमेदीचं आयुष्य तिथेच घालवलं. नाव दिलं मिशनचे एक धुरीण हायरम रेनॉल्ड्स यांचं: रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. बाळंतपणाला परका पुरुष डॉक्टर नको म्हणणारा तो काळ होता. अशा वेळी बाई डॉक्टर असणं हीच गरोदर बायकांसाठी मोठी सोय होती.

रुग्णालय बांधणं कष्टाचं खरं, पण एकदा दार उघडलं की रुग्ण आपण होऊन येतो. जो येऊ शकत नाही, ज्याला आपण आजारी आहोत हेच कळत नाही, ज्याला यायचा संकोच वाटतो, त्याच्यापर्यंत पोहोचायचं कसं? ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेचं खरं काम इथून सुरू होतं, आणि त्याची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे.

आधी वाशीमची वस्ती पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा आहे, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख होती. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला जैन यात्रेकरू येतात, कारंजाला दत्तभक्त. गावोगावी बौद्ध वस्त्या आहेत, शहरांतून मुस्लिम मोहल्ले आहेत, आणि तांड्यावर मराठीइतकीच गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते. ख्रिस्ती माणसं या सगळ्यांत मूठभर. त्यामुळे इथल्या मंडळीला शेजारी म्हणून जो भेटतो, तो बहुधा वेगळ्या धर्माचा, वेगळ्या जातीचा, कधी वेगळ्या भाषेचाही असतो. जखमी परक्याला मदत करणाऱ्या, बायबलमधल्या चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट उपासनेत ऐकलेल्या पाळकाला ती इथे रोजच्या रस्त्यावर समोर दिसते.

या कामाची सगळ्यांत बारकाईने नोंदवलेली रीत मात्र महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोपऱ्यात, अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला सापडते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. लग्नानंतर ते नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशन रुग्णालयात रुजू झाले. काम भरपूर, गर्दीही भरपूर. पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली: बरे करून पाठवलेले रुग्ण तोच आजार घेऊन परत येत होते. हगवण झालेलं मूल सलाईनने वाचे आणि घरी जाऊन तेच गढूळ पाणी पिई. आजाराचं मूळ गावात होतं आणि उपचार रुग्णालयात चालले होते. ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

गावात शिरताना त्यांनी औषधांची पेटी पुढे केली नाही. लोकांना काय हवंय ते विचारलं. सत्तरीच्या सुरुवातीचा तो दुष्काळ, त्यामुळे उत्तर एकच होतं: पाणी आणि अन्न. आरोग्य यादीत खाली कुठेतरी. बाहेरून येणाऱ्या सेवाभावी माणसाची पहिली परीक्षा इथेच होते, कारण आपण जे द्यायला आलो आहोत ते लोकांनी मागितलेलंच नसतं. आरोळे दांपत्याने लोकांचं ऐकलं. मदत करणाऱ्या संस्थांकडून विंधन विहिरींची सोय केली, मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू केला.

आता प्रश्न आला विहीर खोदायची कुठे. गावची सत्ता ज्यांच्या हाती, त्यांना ती आपल्या आळीत हवी असणार. दलित वस्तीतल्या बायका तेव्हा विहिरीपासून लांब थांबून कुणीतरी वरून पाणी ओतण्याची वाट पाहत. जामखेडच्या कामात पुष्कळ गावांत विंधन विहीर दलित वस्तीत घेतली गेली. पाण्याची जागा दाखवायला भूजलतज्ज्ञ होता, त्यामुळे गावाने ती मानली. पाणी हवं तर सगळ्यांनाच त्या वस्तीत जावं लागणार होतं. कुणालाही जातीवर व्याख्यान दिलं नाही; हापशाची जागा बदलली आणि पाण्याला जाण्याची वाट बदलली. मला हा या सगळ्या कामातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. सर्वांना सामावून घेण्याच्या गोष्टी व्यासपीठावरून पुष्कळ होतात, पण गावात तो प्रश्न अखेर हापसा कुठे बसतो, पंगतीत कोण कुणाशेजारी बसतो इथेच सुटतो किंवा अडतो. मुलांच्या स्वयंपाकाचंही तसंच होतं. रांधणारे हात वेगवेगळ्या जातींचे, आणि मुलं एकत्र जेवायची.

पुरुषांना एकत्र आणायला शेतकरी मंडळं निघाली. त्यांनी आपल्याच गावातल्या मुलांची वजनं केली, कुपोषित कोण, क्षयाचा रुग्ण कोण, कुष्ठरोगी कुठल्या घरी लपवलेला आहे याची पाहणी केली. बाहेरच्या माणसाने ही यादी केली असती तर तो कागदच राहिला असता. स्वतः केलेली पाहणी गावाला विसरता आली नाही.

मग प्रश्न रोजच्या कामाचा. सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिका गावांत पाठवून पाहिल्या. तो प्रयोग जमला नाही: शहरात वाढलेल्या तरुण मुलीला एकटीने खेड्यात राहणं अवघड, आणि गावालाही ती परकीच. तेव्हा गावातलीच एक बाई गावाने निवडावी असं ठरलं. निवडून आलेल्या बायकांत पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत. शिकणं, स्वयंपाक, जेवण, झोपणं सगळं एकत्र. ज्यांनी कधी एकमेकींच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, त्या एका खोलीत आडव्या होऊन रात्री उशिरापर्यंत बोलत. मुक्कामाच्या त्या रात्री शिक्षणाचाच भाग होत्या असं मी म्हणेन, कारण जी बाई शिवाशीव मनात ठेवून गावी परतली असती, ती अर्ध्याच घरांत शिरली असती.

त्या शिकत काय? जीव वाचवणाऱ्या साध्या गोष्टी. जुलाब होणाऱ्या मुलाला एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर घालून थोडं थोडं पाजत राहायचं, अंगावरचं दूध बंद करायचं नाही. श्वास मोजायचा: दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा मिनिटाला पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा जास्त, तर न्यूमोनियाचा संशय धरून तातडीने दवाखाना गाठायचा. बाळंतपणाला नवं पातं, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात. गरोदरपणी पायावर, चेहऱ्यावर सूज दिसली तर थांबायचं नाही. प्रत्येक गोष्ट अशी की अक्षरओळख नसलेल्या बाईलाही पाठ होईल आणि शेजारणीला शिकवता येईल. ज्ञान स्वतःजवळ ठेवणारी सेविका इथे नापासच धरायची. गंभीर रुग्ण मात्र रुग्णालयात जाई, म्हणजे मागे रुग्णालय लागतंच. रेनॉल्ड्ससारख्या संस्थांचं मोल तिथे कमी होत नाही.

श्रद्धेचं काय, हा प्रश्न वाशीमला कुणीही विचारेल, आणि तो रास्त आहे. उपचाराच्या बदल्यात प्रार्थनेला बसवणं, शिध्यासोबत पत्रक देणं असलं काही केलं की गावाचा विश्वास तुटतो, आणि तो तुटावाच. आरोळे दांपत्य ख्रिस्ती म्हणून जगलं आणि ते लपवलं नाही. पण औषधाला, पाण्याला, प्रशिक्षणाला धर्माची अट नव्हती. मदतीची गरज हाच निकष, आणि ती गरज ठरवणारं गाव. नाताळला ब्लँकेटं वाटणाऱ्या मंडळ्यांबद्दल मला आदर आहे, थंडीत ती उपयोगीच पडतात. तरीही वाटपात देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. गावाने निवडलेल्या बाईच्या कामात ही उतरंड मोडते.

जामखेडच्या गावांत १९७१ च्या सुमाराला दर हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. पुढच्या काही दशकांत हा आकडा एक-पंचमांशापेक्षाही खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या निवडक प्रयोगांवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेड होतं, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या, साधारण हजार लोकवस्तीमागे एक, गावातलीच बाई. त्या कल्पनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता.

म्हणून आज रिसोडच्या किंवा मंगरूळपीरच्या एखाद्या छोट्या मंडळीने स्वतःची वेगळी आरोग्यसेविका नेमायची गरज नाही. आशाताई गावात आहेच. दर महिन्याला अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिवस भरतो, तिथे लसीकरण होतं, वजनं होतात, गरोदर बायकांची तपासणी होते. मंडळीने आधी आशाताईला आणि अंगणवाडीताईला विचारावं की त्यांचं अडतं कुठे. बहुतेक वेळा अडचणी साध्या असतात: तांड्यावरून आजीबाईंना आणायला गाडी नाही, गोरमाटीत समजावणारं कुणी नाही, दंडघेर मोजायच्या वेळी मुलांना धरून ठेवायला हात कमी पडतात. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर मूल अतितीव्र कुपोषित समजून त्याला लगेच उपचाराला न्यावं लागतं, आणि नेमकं तेव्हा आई-बाप मजुरी बुडवून शहरात थांबायला तयार नसतात. मंडळीतल्या दोन बायका आळीपाळीने त्या आईसोबत रुग्णालयात राहिल्या, घरच्या मोठ्या पोरांच्या जेवणाची सोय शेजारच्या घराने केली, तर ते मूल अर्ध्यात परत आणलं जात नाही. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत दसऱ्याआधीच फेरी काढावी. मुलाच्या कुठल्या लसी राहिल्या आहेत ते कार्डावर पाहावं, पुढची तारीख आईकडून पाठ करून घ्यावी, आणि ते कार्ड ती बिऱ्हाडासोबत नेते आहे ना, हे गाडी सुटण्याआधी बघावं.