चिवट बिडाचे नळ व ते पुरण्याची रीत

बैल, बियाणें, खत यांविषयीं आपल्या मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें, व तें योग्यच आहे. नळाविषयीं मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. नळ एकदां जमिनींत गेला म्हणजे दृष्टीआड सृष्टी! परंतु सांप्रत आपल्या जिल्ह्यांत असें गांव विरळा कीं, जेथें गेल्या पांचसात वर्षांत पाण्याच्या नळासाठीं चर खणला गेला नाहीं. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरोघर देण्याचें ठरविलें. शिवाय विहिरीवरून, बंधाऱ्यावरून शेतकऱ्यांनीं स्वतः नेलेल्या वाहिन्या आहेतच. या योजनांच्या कागदांत ‘डी. आय. के-९’ अशीं अक्षरें आढळतात. ग्रामसभेंत तीं वाचलीं जातात आणि सर्व मंडळी मान डोलावतात. तीं अक्षरें म्हणजे काय, व तो नळ आपल्या जमिनींत कसा पुरला जावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. आम्ही कांहीं स्थापत्यशास्त्री नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ. तथापि नळावरून झालेल्या तंट्यांचे अर्ज, पंचनामे व स्थळपाहणीचीं टिपणें आमच्या हातून इतकीं गेलीं कीं, नळ कोठें व कां फुटतो हें आम्हांस बरेंच कळूं लागलें.

आपल्या नगरास नळ नवा नाहीं. अहमद निजामशहानें इ. स. १४९० च्या सुमारास सीना नदीच्या कांठीं हें शहर वसविलें. सरकारदप्तरीं २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. जुनीं माणसें अजून नुसतें ‘नगर’च म्हणतात. निजामशाहीच्या कारकीर्दींत कापूरवाडी, वडगांव, शेंडी अशा आसपासच्या गांवांकडून भाजलेल्या मातीच्या नळांनीं पाणी शहरांत व बागांत आणलेलें होतें. या नळांस आपण खापरी नळ म्हणतों. १५८३ च्या सुमारास पुरा झालेला फराहबागेचा महाल तर भर तळ्यांत उभा केलेला. पुढें मलिकंबरानें खडकीस, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेस व आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, त्याच तऱ्हेचा नहर नेला. हा तोच मलिकंबर, ज्याच्या धारापद्धतीचें नांव आमच्या खात्यांतील जुन्या मंडळींच्या तोंडीं असे. जमीन मोजणारा माणूस पाण्याचा उतारहि मोजूं शकतो, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं.

या जुन्या नळांचें मर्म असें कीं, पाणी उंचावरून सखल भागीं आपोआप उतरे, आणि वाटेंत उच्छ्वास बांधून कोंडलेली हवा व जादा दाब बाहेर सोडला जाई. खापरास दाब सोसत नाहीं. म्हणून सारी कारागिरी दाब वाढूं न देण्यांत होती. आज परिस्थिति उलट आहे. शहराचें पाणी राहुरी तालुक्यांतील मुळा धरणांतून येतें, आणि धरण खालीं, शहर वर! खेड्यांतहि विहिरीचें पाणी टेकाडावरील टांकींत पंपानें ढकलावें लागतें. दाब टाळतां येत नाहीं, तो सोसणारा नळ शोधावा लागतो.

असा पहिला नळ बिडाचा. फ्रान्सच्या राजानें व्हर्सायच्या कारंज्यांसाठीं सतराव्या शतकांत बिडाचे नळ घातले. त्यांतील कांहींनीं तीनशें वर्षांहून अधिक काळ काम दिलें. आपल्याकडे मुंबईस १८६० सालीं विहार तलावाचें पाणी आलें तेंहि बिडाच्या नळांतूनच. बीड दीर्घायुषी खरें, पण ठिसूळ. गाडीवरून आपटलें, खालची माती खचली, वरून अवजड वाहन गेलें, कीं तें कांचेसारखें तडकतें. याचें कारण त्याच्या पोटांतच आहे. बिडांत शेंकडा तीनचार भाग कर्ब असतो, व तो धातूंत चपट्या पापुद्र्यांच्या रूपानें पसरलेला असतो. लांकूड जसें रेषेवरून फाटतें, तशी भेग एका पापुद्र्याच्या धारेवरून दुसऱ्यावर धांवत जाते.

१९४३ सालीं अमेरिकेंतील इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत कीथ मिलिस यांस असें आढळलें कीं, वितळलेल्या बिडांत थोडेसें मॅग्नेशियम मिसळलें असतां तोच कर्ब पापुद्र्यांऐवजीं बारीक गोल दाण्यांच्या रूपानें थिजतो. इंग्लंडांत हेन्टन मॉरो यांनीं सेरियम या धातूच्या साह्यानें हाच परिणाम साधला होता. १९४८ सालीं दोन्ही गोष्टी जगजाहीर झाल्या. पापुद्र्याच्या जागीं मोहरीसारखा दाणा आला, एवढाच काय तो फरक. परंतु भेग गोल दाण्याशीं येऊन अडते, तिला पुढें वाट मिळत नाहीं. बीड तेंच, पण स्वभाव पालटला. म्हणून आम्ही यास चिवट बीड म्हणतों. व्यापारी व इंजिनियर डक्टाइल आयर्न अथवा नुसतें डी. आय. म्हणतात. भारतीय मानक ८३२९ प्रमाणें हें लोखंड चौरस मिलिमीटरास ४२० न्यूटनांचा ताण सोसणारें असावें लागतें, आणि लहानमध्यम व्यासाच्या नळांत तुटण्यापूर्वीं शेंकडा निदान दहा इतकें लांबावें लागतें. साधें बीड लांबतच नाहीं म्हटलें तरी चालेल. के-९ हा भिंतीच्या जाडीचा वर्ग होय. १५० मिलिमीटरच्या नळास ती सुमारें सहा मिलिमीटर भरते.

नळ ओततात तो गरगर फिरणाऱ्या सांच्यांत. मग तो भट्टींत तापवून हळूहळू निववितात, बाहेरून जस्त फवारून वर डांबरी लेप देतात, आंतून सिमेंटचा गिलावा करतात व पाण्याचा दाब देऊन पारखतात. आंतील गिलाव्यामुळें पाण्यास गंज लागत नाहीं व नळ अरुंद होत नाहीं. परंतु हाच गिलावा नाजूक असतो. मालमोटारीवरून नळ खालीं लोटून देणारे मजूर आम्ही कित्येकदां पाहिले आहेत. लोखंड चिवट आहे, तें कांहीं बोलत नाहीं. आंतला गिलावा मात्र फुटतो, आणि तो दोष दहा वर्षांनीं तांबड्या पाण्याच्या रूपानें घरांत येतो.

आतां सांध्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण नळ बहुधा अंगाला फुटत नाहीं, सांध्याला गळतो. पूर्वीं ताग ठोकून वर वितळलेलें शिसें ओतीत. तें काम कसबी माणसाचें होतें. आतांच्या नळाच्या एका टोंकास वाटीसारखें रुंद तोंड असतें. त्याच्या खांचेंत रबराची कडी बसवितात, व दुसऱ्या नळाचें निमुळतें टोंक साबणाचें पाणी लावून आंत ढकलतात. पाण्याचा दाब वाढतो तसतशी कडी अधिक आवळते. सांध्यास दोनतीन अंश वळण्याची मोकळीकहि असते. जमीन थोडी हलली तरी तो सुटत नाहीं. काम सोपें झालें, आणि सोपें झालें म्हणूनच बिघडलें! खांचेंत मातीचें ढेकूळ राहतें. कडी पिळली जाते. जागेवर कापलेल्या नळाचें टोंक कानशीनें निमुळतें न करतां तसेंच रेटतात, आणि तें कडीस चिरतें. साबणाऐवजीं यंत्राचें वंगण चोपडणारेहि भेटतात. असलें तेल कित्येक जातींच्या रबरास खातें. हें सर्व चर उघडा असेपर्यंतच दिसतें.

चराची तर निराळीच कथा. आपल्या जिल्ह्यांत काळी जमीन पुष्कळ. ती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते, हें शेतकऱ्यांस आम्ही सांगावें असें नाहीं. अशा जमिनींत नळ तसाच ठेवला तर दरवर्षी तो उचलला व सोडला जातो. यास्तव तळाची काळी माती कांहीं अंगुळें काढून मुरूम अथवा वाळूची सारखी बैठक करावी, आणि रुंद तोंडापुरती खोबण ठेवावी, म्हणजे नळ सर्व अंगानें टेकेल. पारनेर, संगमनेर, अकोलें या भागांत अडचण दुसरी : तेथें चर कठीण पाषाणांत फोडलेला असतो, आणि अणकुचीदार दगडावर नळ टेकला तर चिवट बीडहि काय करणार? तेथेंहि बैठक हवीच. आणि वरची पहिली भर तरी दगड वेंचून काढलेल्या मातीची असावी.

कालव्याखालील पट्टयांत आणखी एक शत्रु आहे. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ सालीं पुरें झालें, ऊंस वाढला, आणि त्याबरोबर कित्येक जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. क्षारयुक्त ओली चिकणमाती लोखंडास खाते. बीड चिवट झालें म्हणून त्याचा गंज सुटला असें नव्हे. अशा ठिकाणीं नळावर प्लॅस्टिकचा सैल झगा चढवून तो पुरतात. अमेरिकेंत १९५८ पासून ही रीत आहे. खर्च नळाच्या मानानें किरकोळ, परंतु झगा फाटका असूं नये. जेथें पांढरी फुटलेली जमीन दिसते, तेथें ग्रामपंचायतीनें त्याचा आग्रह अवश्य धरावा.

वळणावर पाणी नळास बाहेर ढकलतें, ही गोष्ट पुष्कळांस खरी वाटत नाहीं. हिशेब पाहा. १५० मिलिमीटरच्या नळाचा बाहेरचा व्यास १७० मिलिमीटर. पाण्याची चढण ६० मीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरास ६ किलो दाब. काटकोनी वळणावर हा रेटा सुमारें १९ क्विंटल भरतो! शंभर किलोंचीं एकोणीस पोतीं अहोरात्र एका बाजूस लोटीत आहेत असें समजा. रबरी कडीच्या सांध्यांत तें अडविण्याची ताकद नाहीं. म्हणून प्रत्येक वळणाशीं, फांट्याशीं व बंद टोंकाशीं न उकरलेल्या घट्ट मातीस टेकून कॉंक्रिटचा धक्का घालावा लागतो. देयकांत तो बहुधा असतो. जमिनींत असतोच असें नाहीं.

आणि वीज जाते तेव्हां? चढतें पाणी थबकतें व मागें फिरतें. सेकंदास एक मीटर वेगाचें पाणी लोखंडी नळांत एकदम अडलें तर क्षणभर सुमारें १०० मीटर चढणीइतका दाब अधिक होतो. प्लॅस्टिकच्या नळांत हा तडाखा कमी असतो. पण तो सोसण्याची शक्तिहि कमी. तात्पर्य, चढणीची वाहिनी, रस्त्याखालील भाग, खडकाळ वाट, येथें चिवट बीड घ्यावें. सपाट शेतांतून कमी दाबानें पाणी न्यावयाचें असेल तर पी. व्ही. सी. चा नळ पुरे आहे, उगाच दुप्पट पैसा जमिनींत घालूं नये. हवेच्या व परत-रोधक झडपा दोहोंसहि हव्यात.

सांडपाण्याविषयीं थोडक्यांत. पंपानें ढकललेल्या सांडपाण्यासहि हा नळ चालतो. पण कुजक्या मैल्यांतून जो दुर्गंधी वायु निघतो, त्याचें जंतूंच्या योगें गंधकाम्ल बनून तें नळाच्या छतास खातें. म्हणून त्यास आंतून साध्या नव्हे, तर ॲल्युमिनायुक्त सिमेंटचा गिलावा लागतो. गांवासाठीं याहून महत्त्वाचें हें कीं, पिण्याचा नळ गटारापासून आडवा तीन मीटर दूर व त्याहून अर्धा मीटर वर असावा. आपल्याकडे पाणी दिवसांतून घटकाभर येतें. एरवीं नळ रिकामा असतो, आणि रिकामा नळ गळक्या सांध्यांतून गटाराचें पाणी ओढतो. पावसाळ्यांत मुलांस होणारे अतिसाराचे आजार यामुळेंहि उद्भवतात.

राहिली नकाशाची गोष्ट. पारनेर तालुक्यांतील एका गांवीं योजनेचा नळ तीन जणांच्या शेतांतून गेला होता. कागदावर लांबी होती, जागा नव्हती. कांहीं वर्षांनीं एकानें शेततळें खणावयास घेतलें, यंत्राचा दांत नळास लागला, आणि झडप कोठें हें कोणासहि सांगतां येईना. गांव चार दिवस टँकरवर राहिलें, आणि नुकसान कोणीं भरावें यावर दोन वर्षें अर्जफाटे चालले. बांधाच्या दगडापासून नळ किती मीटरांवर व किती खोल आहे, एवढें एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या दप्तरीं ठेवलें असतें तर सगळें टळतें. चर बुजविण्यापूर्वीं गट नंबरासह मापें घ्यावीं. आतां प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेणारा फोन आहे, त्याचाहि उपयोग करावा.

ज्यांस शेतीसाठीं शेजाऱ्याच्या जमिनींतून नळ न्यावयाचा आहे, त्यांनीं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिचें कलम ४९ पाहावें. शेजारी संमति देत नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो, व चौकशीअंतीं तहसीलदार परवानगीचा हुकूम देऊं शकतो. नळ शक्यतों जवळच्या वाटेनें न्यावा, जरुरीपुरतीच जमीन उकरावी व स्वखर्चानें पूर्ववत् करून द्यावी, नुकसानभरपाई द्यावी, असे त्यांत दंडक आहेत. खोली निदान अर्धा मीटर सांगितली आहे; पण ट्रॅक्टरचा खोल नांगर तेथवर पोंचूं शकतो, तेव्हां नळवाल्यानें आपण होऊन मीटरभर खोल जावें हें दोघांच्याहि हिताचें. शेजाऱ्यासहि एक हक्क आहे, जो फार थोड्यांस ठाऊक असतो : त्या वाहिनींतील शिल्लक पाणी ठरलेल्या दरानें त्यास घेतां येतें. आमच्या पाहण्यांत आलेले कित्येक तंटे हें कलम वाचून दाखवितांच जागच्या जागीं मिटले. गांवच्या पिण्याच्या पाण्याच्या नळास मात्र हें कलम लागू नाहीं. त्यासाठीं जमीनधारकाची लेखी संमति, खोली व वाट यांच्या उल्लेखासह, चर खणण्यापूर्वींच घेऊन ठेवावी, आणि तिची एक प्रत जमीनधारकानेंहि आपल्या सातबाऱ्यासोबत जपून ठेवावी.