कळलावी आणि वारशाने आलेला ताप

तीन वर्षांपूर्वी एका पहाटे माझ्या उजव्या पायाचा अंगठा असा ठणकू लागला की पांघरलेली चादरही त्याला सोसेना. डॉक्टरांनी युरिक ॲसिड तपासले, गाउट, म्हणजे आपले वातरक्त, असे निदान केले आणि कोल्चिसिनच्या गोळ्या लिहून दिल्या. हाती पडेल तो छापील कागद वाचण्याची मला जुनी खोड आहे. गोळ्यांबरोबरची बारीक अक्षरातली चिठ्ठी भिंगाखाली धरली, तेव्हा गाउटशेजारी आणखी एका आजाराचे नाव दिसले : फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर. घराण्यातून चालत येणारा भूमध्यसागरी ताप! अंगठ्याचे दुखणे चार दिवसांत गेले. त्या नावाने मात्र मला आजतागायत सोडलेले नाही.

कोल्चिसिन हे नाव मला वनस्पतींच्या वाचनामुळे ठाऊक होते. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते कोल्चिकम नावाच्या युरोपीय वनस्पतीतून वेगळे केले. हेच द्रव्य आमच्या कोकणात पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीतही असते. ज्वाळांसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची ही वेल गौरींच्या दिवसांत फुलते, आयुर्वेदात ती लांगली म्हणून ओळखली जाते आणि तिची गणना उपविषांत होते. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप लावत, म्हणून ती कळ लावणारी. हा कंद पोटात गेल्याने माणसे दगावली आहेत. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार अंतर नाही. आणि जिचे नाव कळ लावण्यावरून पडले, तिच्यातलेच द्रव्य एका भयंकर पोटदुखीवरचा उतारा ठरले.

त्या पोटदुखीचे स्वरूप असे. बहुधा लहानपणीच एखाद्या दिवशी सणसणून ताप भरतो. पोट लाकडासारखे कडक होते, हात लावू देत नाही. कधी छातीत कळ येते, कधी एकच गुडघा किंवा घोटा सुजतो. एक ते तीन दिवसांत सगळे आपोआप ओसरते आणि मूल अंगणात खेळू लागते. पंधरा दिवसांनी, महिन्याने, कधी सहा महिन्यांनी पुन्हा तेच. पोट उघडून अपेंडिक्स काढून टाकलेले कितीतरी रुग्ण या आजारात सापडतात. काढलेल्या अपेंडिक्समध्ये दोष नसतो. सुजलेल्या गुडघ्यामुळे काहींवर संधिवाताच्या तापाचे शिक्के बसतात. दोन झटक्यांच्या मध्ये रुग्ण इतका धडधाकट दिसतो की तो ढोंग करतो असे घरच्यांनाही वाटावे. आजार मुख्यतः आर्मेनियन, तुर्क, अरब आणि उत्तर आफ्रिकेतून आलेले ज्यू या समाजांतला. सहसा आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो प्रकटतो, त्यामुळे आईबाप स्वतः ठणठणीत असू शकतात.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेपर्ड सीगल यांनी असे रुग्ण एकत्र मांडून या दुखण्याला नाव दिले, त्यात ‘सौम्य’ हा शब्द होता. झटका आपोआप जातो, माणूस मरत नाही, तेव्हा सौम्य. त्यांनी पाहिले तेवढ्यावरून ते चुकले नव्हते. पण पुढच्या काही वर्षांत पॅरिसमध्ये मामू आणि कातां यांच्या लक्षात आले की हे दुखणे घराण्यांत चालते आणि यातल्या काहींची मूत्रपिंडे बिघडतात. इस्राएलमधल्या तेल हशोमेर रुग्णालयात हॅरी हेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराणीच्या घराणी तपासली. १९६७ मध्ये सोहार, गाफनी, प्रास आणि हेलर यांनी ४७० रुग्णांचा आढावा छापला. वर्षानुवर्षे पेटत-विझत राहणाऱ्या दाहामुळे रक्तात एक प्रथिन वाढते आणि त्याचा चिवट साका, अमायलॉइड, मूत्रपिंडांत बसत जातो. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि ऐन तारुण्यात मूत्रपिंडे निकामी होतात. काहींना तर तापाचे झटके न येताच थेट हा शेवट गाठत असे. दुखते ते एक आणि मारते ते दुसरे, हे समजायला वीस वर्षे लागली.

उपाय सापडला तो जवळपास चुकूनच म्हणावा असा. १९७२ मध्ये बोस्टनच्या स्टीफन गोल्डफिंगर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एक छोटे पत्र लिहिले : गाउटचे औषध कोल्चिसिन रोज घेतल्यावर आपल्या मोजक्या रुग्णांचे झटके थांबले. त्याच वर्षी तुर्कस्तानात ओझकान यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले. पण पत्र म्हणजे पुरावा नव्हे. हा आजार मनाला येईल तेव्हा येतो आणि जातो, तेव्हा कोणतीही गोळी काही महिने यशस्वी वाटू शकते. (आपल्याकडे अंगाऱ्या-धुपाऱ्यांची कीर्ती याच वाटेने वाढते.)

म्हणून १९७४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये चार्ल्स डिनारेलो, शेल्डन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी ११ रुग्णांवर चाचणी घेतली. अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांचे टप्पे पाडले. काही टप्प्यांत कोल्चिसिन, काहींत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणत्या टप्प्यात काय, हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. शेवटी कागद उघडले तेव्हा कोल्चिसिनच्या टप्प्यांत ७ झटके मोजले गेले आणि पोकळ गोळीच्या टप्प्यांत ३८.

हे दोन आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. वैद्यकाच्या पुस्तकात ते एका ओळीत संपतात. पण ते ३८ झटके ११ जिवंत माणसांना आले. पोट लाकडासारखे झाले, ताप चढला, अंथरुणात वळता आले नाही. आणि आपण यावेळी पोकळ गोळी घेत असू, ही शक्यता ठाऊक असूनच त्यांनी नाव दिले होते. इस्राएलमध्ये झेमर आणि सहकाऱ्यांनी, लॉस एंजेलिसमध्ये गोल्डस्टीन आणि श्वाबे यांनी त्याच वर्षी अशाच चाचण्या छापल्या आणि निष्कर्ष एकच निघाला. संशोधकांची नावे निदान संदर्भसूचीत राहतात. रुग्णांची राहत नाहीत.

झटके थांबले, पण मूत्रपिंडांचे काय? त्याचे उत्तर द्यायला वर्षे मोजावी लागतात. डेबोरा झेमर आणि सहकाऱ्यांनी १०७० रुग्णांवर चार ते अकरा वर्षे लक्ष ठेवून १९८६ मध्ये ते दिले. यांतल्या ९६० जणांच्या मूत्रपिंडांत सुरुवातीला बिघाडाचे चिन्ह नव्हते. त्यांच्यापैकी नियमित गोळी घेणाऱ्या शेकडो लोकांत फक्त चौघांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली. गोळी नीट घेत नाही असे स्वतःहून कबूल करणारे ५४ जण होते. त्यांतल्या १६ जणांच्या. याहून बोलका तक्ता मी पाहिलेला नाही. त्या चोपन्न जणांना मी दोष देत नाही. बरे वाटत असताना, काही दुखत नसताना, जुलाब लावणारी गोळी जन्मभर रोज घ्यायची, हे मी अंगठ्याच्या चार दिवसांवरून ओळखू शकतो.

गोळी काम करते हे सिद्ध झाले. ती का काम करते हे कोणालाच सांगता येत नव्हते. डिनारेलो त्या काळात वेगळ्याच शोधात होते : ताप आणणारा पदार्थ शरीर स्वतः तयार करते, तो कोणता? १९७७ मध्ये त्यांनी तो मानवी पांढऱ्या पेशींतून शुद्ध केला. पुढे त्याला इंटरल्युकिन-१ हे नाव मिळाले. दुसरीकडे डॅनियल कास्टनर या संधिवात-शास्त्रज्ञाने १९८५ पासून या तापाच्या जनुकाचा माग काढायला घेतला. १९९७ मध्ये दोन गटांनी ते एकाच वेळी गाठले. कास्टनर यांच्या गटाने त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला ग्रीक अग्नीवरून ‘पायरिन’ म्हटले. फ्रेंचांनी ‘आपला समुद्र’ या भूमध्याच्या लॅटिन नावावरून ‘मारेनोस्ट्रिन’. फ्रेंच नाव अधिक गोड, पण टिकले पायरिन. दोन वर्षांनी एका आयरिश-स्कॉटिश घराण्यातल्या वेगळ्या तापाचे जनुक सापडले, तेव्हा या साऱ्या आजारांना ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ असे गोत्रनाम मिळाले. मी त्याला स्वयंदाह म्हणतो. इथे जंतू नसतो, संधिवातातल्याप्रमाणे स्वतःच्या शरीराविरुद्धची प्रतिपिंडेही नसतात; शरीराची सर्वांत जुनी, जन्मजात संरक्षणव्यवस्थाच विनाकारण पेट घेते.

पायरिन हा पेशीतला चौकीदार आहे. पेशीत ‘रो’ नावाचे एक प्रथिन असते. अनेक जंतू आत शिरताना आपल्या विषाने त्यालाच लुळे पाडतात. रो धडधाकट असेपर्यंत चौकीदाराच्या तोंडावर पट्टी असते. रो लुळे पडले की पट्टी सुटते, चौकीदार बोंब ठोकतो आणि इंटरल्युकिन-१ सुटून ताप चढतो. भूमध्य तापात चौकीदाराच्या तोंडावरची पट्टीच सैल बांधलेली, त्यामुळे क्षुल्लक कारणानेही बोंब. कोल्चिसिन पेशीतल्या सूक्ष्म नलिका मोडते. त्यातून मोकळे होणारे एक प्रथिन रोला जोर देते आणि पट्टी आवळली जाते. हा उलगडा कास्टनर यांच्या गटाने २०१६ मध्ये छापला. गोळी लागू पडते हे कळल्यापासून चव्वेचाळीस वर्षांनी!

मग असे सदोष जनुक समाजात टिकले कसे? काही समाजांत दर पाच-सात माणसांमागे एक जण त्याचा वाहक असतो. ही संख्या योगायोगाने जमत नाही. २०२० मध्ये त्याच गटाने प्लेगकडे बोट दाखवले. प्लेगचा जंतू रोला लुळे पाडतो आणि वर ‘योपएम’ नावाचे स्वतःचे प्रथिन वापरून चौकीदाराचे तोंडही दाबून धरतो. बदललेल्या पायरिनचे तोंड त्याला नीट दाबता येत नाही. असे पायरिन असलेले उंदीर प्लेगमध्ये अधिक तगले. हे जनुकबदल इसवी सन ५४१ च्या जस्टिनियन प्लेगच्याही आधीचे दिसतात. प्लेग म्हटले की आपल्याला १८९७ चे पुणे आणि रँड आठवतो. भूमध्यकाठच्या लोकांच्या रक्तात त्याची आठवण अशी राहिली असावी. मला हे पटते, पण उंदरांवरून इतिहास लिहिताना हात थोडा आखडलेला बरा.

ज्यांना कोल्चिसिन पुरत नाही त्यांच्यासाठी इंटरल्युकिन-१ अडवणारी इंजेक्शने आली. २०१८ मध्ये छापलेल्या चाचणीत अशा रुग्णांपैकी ६१ टक्क्यांना कॅनाकिनुमॅबने आराम पडला, पोकळ इंजेक्शनने ६ टक्क्यांना. किंमत मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची. आणि जुनी स्वस्त गोळीही सुटली नाही : २००९ मध्ये अमेरिकेत तिला नव्याने अधिकृत मान्यता आणि एकाधिकार मिळाला, तेव्हा नऊ-दहा सेंटची गोळी पाच डॉलरच्या घरात गेली. तीच, १८२० पासून माहीत असलेली.

आपल्याकडे भूमध्य ताप तुरळकच दिसतो. पण स्वयंदाहाचे दुसरे नातलग आहेत. ‘डाडा-टू’ हा त्यांतला एक, जो रक्तवाहिन्यांना सुजवतो आणि लहान वयात पक्षाघात आणतो. भारतीय डॉक्टरांनी अलीकडे त्याचे रुग्ण एकत्र मांडले, त्यांत अगरवाल समाजातली कुटुंबे ठळकपणे पुढे आली. वारंवार येणारा, जंतू न सापडणारा, घरात आणखी कोणाला तरी असलेला ताप अशी कैफियत घेऊन एखादी आई आली, तर तारखांची तिची वही डॉक्टरांनी उघडून पाहावी. सीगलपासून कास्टनरपर्यंत सगळ्यांची सुरुवात अशा नोंदींपासूनच झाली.

आमच्या कुंपणावरची कळलावी यंदाही फुलली. तमिळनाडूत दिंडिगल, करूर भागात तिची शेती होते. सकाळी मजूर प्रत्येक फुलाला हाताने परागकण लावत फिरतात, कारण जितक्या शेंगा भरतील तितके बी. आणि कोल्चिसिन काढण्यासाठी हे बी परदेशी जाते.