साल ठरवताना आणि 'वर्क फ्रॉम होम' घेताना

फायनलला गेलं की होस्टेलवर एकच प्रश्न असतो, "पॅकेज किती?" घरून काम करायचं असेल तर तेवढ्यावर भागत नाही.

मी इस्लापूरचा. आमच्या भागात गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, पाडवा ते पाडवा. मालक आणि गडी समोरासमोर बसतात. रक्कम किती, उचल किती, ज्वारी किती, रात्री जागलीला जायचं का, सगळं बोलून घेतात. त्यात सगळं न्यायाचं असतं असं नाही. उचल घेतलेल्या गड्याला 'नाही' म्हणणं जड जातं. पण जे बोललं नाही ते काम वर्षभर आपल्याच अंगावर पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

घरून काम करताना साहेब आपल्याला दिसत नाही, आपण साहेबाला दिसत नाही. म्हणून चार गोष्टी आधीच ठरवाव्यात.

१) वेळ : न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. "संध्याकाळपर्यंत पाठव" म्हणजे कुणाची संध्याकाळ? फोन किती वाजेपर्यंत उचलायचा?

२) मोजमाप : लॉगिनचे तास मोजणार की पूर्ण झालेलं काम? तासच मोजणार असतील तर जास्तीच्या तासांचं काय?

३) अडचण : लाइट गेली, नेट गेलं तर कुणाला कळवायचं? इन्व्हर्टर आणि नेटचा खर्च कुणाचा? आपणही दोन तासांनी नाही, लगेच कळवायचं, हा आपला शब्द.

४) मुदत : टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांना ऑफिसात यायची गरज राहणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला बोलावलं. म्हणून परत बोलावलं तर किती दिवस आधी सांगणार, हे गावात बस्तान बसवण्याआधी विचारा.

१८७२ चा करार कायदा तोंडी करारही मानतो. पण भांडण झालं की तो सिद्ध करणं अवघड. पाडव्याच्या बोलणीला चार माणसं साक्षीला असतात, फोनवरच्या बोलण्याला कोण? त्यासाठी फोन ठेवला की पाच ओळींचा मेल टाकायचा, "आज आपलं असं असं ठरलं." समोरच्याचं 'ओके' आलं की झाला साक्षीदार.

विचारलं तर नोकरी जाईल, ही भीती मलाही समजते. पण कामाचे तास सांगायला जो आधीच कचरतो, तो पगाराच्या तारखेला काय करेल, याचाही विचार करा.