तलफ, झोप आणि एक कडू मीठ

रात्रीचं जेवण पोटभर झालेलं असतानाही तासाभराने स्वयंपाकघरातले डबे उघडून बघावेसे वाटतात. या अवस्थेला मराठीत एकच एक शब्द पुरत नाही. तलफ चहाची किंवा तंबाखूची येते, वखवख म्हटलं की त्यात निंदा येते आणि डोहाळे गरोदर बाईला लागतात. मला यातला डोहाळे हा शब्द सगळ्यांत बोलका वाटतो, कारण त्याच्या पोटात एक सिद्धान्त आहे: शरीराला जे कमी पडतं ते शरीर मागून घेतं, म्हणून मागितलेलं पुरवावं. हाच सिद्धान्त आता औषधाच्या दुकानातून बाटलीत भरून परत आला आहे. चॉकलेट खावंसं वाटतं म्हणजे अंगात मॅग्नेशियम कमी, झोप येत नाही म्हणजेही मॅग्नेशियमच कमी. रात्री दोन गोळ्या घ्या, दोन्ही तक्रारी मिटतील. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. माझ्या थोरल्या बहिणीने अशी बाटली आणून 'यात खरं किती ते तूच सांग' म्हटलं, म्हणून मी या प्रकरणात शिरले.

मॅग्नेशियमची पहिली ख्याती झोपेची नव्हे, पोट साफ होण्याची. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू पाण्यासाठी सतराव्या शतकात लोक लांबून येत. त्या पाण्यातलं मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. १८०८ साली हम्फ्री डेव्हीने हा धातू विजेच्या साहाय्याने वेगळा केला. ती जुनी ख्याती खोटी नव्हती, हे आजही गोळी जास्त झाली की लगेच कळतं.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत आणि बरंचसं स्नायूंत असतं. रक्तद्रवात एक टक्काही नसतं. त्यामुळे रक्ततपासणीतला आकडा म्हणजे घरातली शिल्लक न बघता खिशातली चिल्लर मोजण्यासारखं आहे. खिसा रिकामा असेल तर अडचण नक्की. पण खिशात पैसे दिसले म्हणून घरात आहेतच असं नाही. या धूसरपणाचा फायदा विकणाऱ्याला पुरेपूर मिळतो. कमतरता नाही हे सिद्ध करणं अवघड, मग आहे असं म्हणायला काय जातं?

झोपेचा दावा मात्र हवेतला नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जागं ठेवतात ते मुख्यतः ग्लुटामेट या रसायनाने. ग्लुटामेटच्या एका प्रकारच्या दारात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो आणि पेशी पुरेशी चेतवली गेल्याशिवाय तो हलत नाही. १९८४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवून दिलं. बूच कमी पडली तर पेशी लवकर चेतणार, हा तर्क सरळ आहे. पण तर्क सरळ असला म्हणून गोळी गिळली की बूच बसलं असं होत नाही. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं यावर शरीराचा कडक पहारा असतो.

म्हणून प्रयोग बघायचे. सर्वांत जास्त उल्लेख होतो तो २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या प्रयोगाचा. निद्रानाश असलेल्या ४६ वृद्धांपैकी काहींना आठ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली गेली. मॅग्नेशियमवाल्यांच्या तक्रारी कमी झाल्या, झोप लवकर लागू लागली. पुढे २०२१ मध्ये अशा तीन प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. तिन्ही मिळून माणसं १५१, सगळी उतारवयाची. झोप लागायला सरासरी १७ मिनिटं कमी लागली. एकूण झोपेत पडलेला फरक भरवशाचा नव्हता. आढावा घेणाऱ्यांनीच पुराव्याचा दर्जा कमी ते अतिशय कमी ठरवला. सतरा मिनिटं ही चेष्टेची गोष्ट नाही, हे रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेल्या कुणालाही पटेल. पण बाटलीवरच्या भाषेत आणि या सतरा मिनिटांत फार अंतर आहे.

आता चॉकलेट. १९९४ साली विला मिचेनर आणि पॉल रोझिन या अमेरिकन संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. चॉकलेटची तलफ येणाऱ्या माणसांनी तलफ आली की कधी नेहमीचं चॉकलेट खायचं, कधी पांढरं चॉकलेट, कधी कोकोच्या कॅप्सूल गिळायच्या. पांढऱ्या चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचं लोणी असतं, पण कोकोची भुकटी नसते; कॅप्सूलमध्ये ती भुकटी असते, म्हणजे तिच्यातलं मॅग्नेशियमही. शरीर मॅग्नेशियम मागत असतं तर कॅप्सूलने तलफ भागायला हवी होती. ती भागली नाही. पांढऱ्या चॉकलेटने थोडीफार भागली, खऱ्या चॉकलेटने पूर्ण. मागणी जिभेची आणि नाकाची होती. आपल्या घरातही हे तपासता येतं. तिळात, भोपळ्याच्या बियांत चॉकलेटपेक्षा कितीतरी जास्त मॅग्नेशियम असतं. पण मध्यरात्री उठून कुणी मूठभर तीळ शोधल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग डोहाळ्यांमागचा सिद्धान्त साफ खोटा का? तसंही नाही. १९४० साली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. तो मुलगा मीठ मुठीने खाई. इस्पितळात त्याला इतर मुलांसारखं साधं जेवण दिलं गेलं आणि काही दिवसांतच तो दगावला. नंतर कळलं की त्याच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होत्या, शरीरात मीठ टिकतच नव्हतं, आणि तो मीठ खात होता म्हणूनच तोवर जगला होता. मिठाची भूक खरी असते. लोह कमी झालेल्या बायकांना बर्फ चघळावासा वाटतो, भाजलेली माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, हेही खरं. लोह दिलं की बर्फाची ओढ बहुतेक वेळा जाते. पण बर्फात लोह कुठे असतं? म्हणजे कमतरता खरी असली, तरी शरीर तिचं नाव बरोबर घेईलच असं नाही.

तलफ आणि झोप यांचं नातं जोडायला मॅग्नेशियमची गरजच नाही. २००४ साली शिकागोत बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ वाढली ती विशेषतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. प्रयोग लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे. कुणाची झोप गोळीने सुधारली आणि मग गोडाची ओढ कमी झाली, तर तिचं श्रेय आधी झोपेला द्यावं लागेल.

बहिणीच्या बाबतीत गोष्ट निराळीच निघाली. ती कित्येक वर्षं सकाळी उपाशीपोटी आम्लपित्ताची गोळी घेते. एकदा कुणीतरी लिहून दिली, थांबवायला कुणी सांगितलं नाही. या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तातलं मॅग्नेशियम घसरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिला आहे. तिची तपासणी केली, आकडा खरोखरच कमी आला. तिला बाटलीचा उपयोग होता, पण त्याहून जास्त उपयोग ती जुनी गोळी अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारण्याचा होता. तिच्या थायरॉइडच्या गोळीत आणि मॅग्नेशियममध्ये चार तासांचं अंतर हवं, हेही दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

बाटली घ्यायचीच असेल तर तिच्यावरचं बारीक अक्षर वाचावं. '५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ग्लायसिनेट' यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम जेमतेम ७० मिलिग्रॅम असतं, उरलेलं ग्लायसिन. ऑक्साइडमध्ये वजनाच्या ६० टक्के मॅग्नेशियम असतं खरं, पण ते शोषलं कमी जातं आणि पोट मात्र ढवळतं. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून शंभरावर मिलिग्रॅम सहज मिळतं. तेवढ्याच वजनाच्या पॉलिश केलेल्या तांदळातून वीसेक. धान्यातलं सगळंच अंगी लागत नाही, तरी फरक उरतोच. आणि मूत्रपिंड दुबळं असेल तर यातलं गणित पूर्ण उलटतं. जादा मॅग्नेशियम बाहेर टाकणारं तेच एक इंद्रिय. ते थकलं की मॅग्नेशियम रक्तात साठतं, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते आणि माणूस सुस्त होतो. ती सुस्ती घरच्यांना गाढ झोपेसारखीच दिसते. मधुमेह जुना असेल तर गोळीआधी क्रिएटिनिन तपासून घ्यावं.