अजून न झालेली भिंत

तालुक्याच्या गावांत आता पुण्या-मुंबईच्या तोडीची घरं उभी राहताहेत, दिवाळी अंकासाठी त्यावर काहीतरी लिहा, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. किनवट निवडलं ते ओळखीतल्या एका मुलामुळे. तो पुण्यात नोकरीला. गावाकडच्या घरात आई आणि आजीसाठी त्याने नवं बाथरूम करायला घेतलं होतं, आणि संगणकावर काढलेलं त्याचं चित्र मला पाठवलं होतं: भिंतीतून अधांतरी बाहेर आलेला कमोड, डोक्यावर परातीएवढा शॉवर, आणि पाइप औषधालासुद्धा दिसत नाही. चित्राखाली त्याची तक्रार होती. सामान येऊन महिना झाला, मिस्त्री अजून भिंतच बघत बसलाय.

भिंत बघत बसणारा हा मिस्त्री मला बघायचा होता.

नांदेड सोडून मुदखेडच्या पुढे गाडी आदिलाबादच्या वाटेला लागली, की भोकर, हिमायतनगर करत हळूहळू सागवानाचं जंगल सुरू होतं. जिल्ह्याचं ठिकाण नांदेड असलं तरी किनवटकरांना बाजारहाटाला आदिलाबाद जवळ. त्यामुळे इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मराठी, तेलुगू आणि दखनी हिंदी एकाच वाक्यात नांदतात. ‘अर्धा इंची एल्बो’ मात्र तिन्ही भाषांत एल्बोच.

घर जुनं. बाथरूमच्या जागी आधी न्हाणी होती: शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्याच्या वरची भिंत धुराने काळी. बंब आता ओसरीवर आला होता, आणि आजी येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवून ‘ह्याला कधी मेकॅनिक लागला नाही’ असं सांगत होत्या. न्हाणीची फरशी उखडलेली, भिंतींचं प्लास्टर खरवडून विटा उघड्या. आत पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस हातात ओळंबा घेऊन उभा होता. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत होते, मीही तेच म्हणतो.

“बघा सर,” त्यांनी ओळंब्याची दोरी वरून सोडली. वर दोरी आणि वीट यांच्यात दोन बोटं अंतर, खाली जेमतेम एक. “भिंत पुढं आलीय खाली. जुनं बांधकाम, चालतंय. पण आता ही भिंत कुठं येणार हाय, ते मला आजच पाहिजे.”

भिंत तर समोरच होती. त्यांना हवी होती ती अजून न झालेली भिंत, म्हणजे प्लास्टर, चिकटवायचा मसाला आणि टाइल हे सगळं लागल्यावरचा शेवटचा पृष्ठभाग. आणि त्याचं कारण होतं एका खोक्यातला, मुठीएवढा पितळी डायव्हर्टर.

मला या वस्तूने वेड लावलं, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त सांगतो. साध्या वॉल मिक्सरचं सगळं अंग भिंतीच्या बाहेर असतं. सहा इंचांवर दोन तोंडं, एक गरम, एक थंड. बिघडला तर पान्याने खोला, नवा बसवा. कन्सील्ड डायव्हर्टरचं अंग मात्र भिंतीत पुरायचं. गरम आणि थंड पाणी आत येतं, आतच मिसळतं, आणि वरच्या शॉवरला जायचं की खालच्या तोटीला, तेही आतच ठरतं. बाहेर दिसते ती चकचकीत तबकडी आणि एक दांडी. या पितळी अंगावर प्लास्टिकचं टोपण येतं आणि त्यावर दोन रेघा असतात: एक ‘मिन’, एक ‘मॅक्स’. तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन रेघांच्या मध्येच आला पाहिजे. अंग जास्त खोल गेलं तर दांडी पोचत नाही. उथळ राहिलं तर तबकडी भिंतीला टेकत नाही, कायमची फट राहते, आणि त्या फटीतून पाणी भिंतीत उतरतं.

गंमत अशी, की प्लंबरचं काम आधी आणि टाइलवाल्याचं नंतर. टाइलवाला मागे सिमेंटचा जाड थर देणार की नुसतं केमिकल, हे त्याच्या मनावर. म्हणजे पुढच्या महिन्यात येणाऱ्या दुसऱ्या माणसाचा हात आज ओळखायचा. मिस्त्री महिनाभर थांबले होते ते टाइलवाल्यासाठी. तो एका लग्नाला गेला होता, तिकडून दुसऱ्या कामाला. तो आल्यावर मिस्त्रींनी त्याच्याकडून भिंतीवर चार ठिकाणी टाइलचे तुकडे चिकटवून घेतले, अगदी शेवटी जिथे टाइल येणार त्याच पातळीत. त्या चार तुकड्यांवरून दोरी ताणली. मग झिरी मारली, डायव्हर्टर बसवला आणि दोरी दोन रेघांच्या बरोबर मध्ये येते का ते एक डोळा मिटून पाहिलं. मदतनीस मुलगा म्हणाला, “मामा, आली की.” मामांनी पुन्हा खाली बसून पाहिलं. अर्ध्या सुताने बाहेर होती. पुन्हा छिन्नी.

पुण्यातल्या मुलाला हे कोणीतरी फोनवर समजावलं असतं, तर त्याची तक्रार निम्मी झाली असती. पण मिस्त्रींना बोलून समजावता येत नाही, करून दाखवता येतं.

या कामाचा इतिहास मी जाण्याआधी वाचला होता, तो थोडक्यात. कमोडखाली पाणी अडवून दुर्गंधी रोखणाऱ्या वाकड्या नळीचं पेटंट लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली घेतलं. अमेरिकेतल्या अल मोएनचे हात 1937 मध्ये नळाच्या गरम पाण्याने भाजले आणि त्यातून एका दांडीचा मिक्सर निघाला. भिंतीत दडवलेली फ्लशची टाकी स्वित्झर्लंडच्या गेबेरिट कंपनीने 1964 मध्ये आणली. आपल्याकडे चिनी मातीचं सामान गुजरातच्या थानगढहून येतं, पितळी भाग जामनगरहून. आणि आपलाही एक वाटा आहे: बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या सापळ्याला देशभरचे इंजिनीअर आजही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. गुजराती शेजारी या शब्दावर हक्क सांगतील, सांगोत बापडे. किनवटला न्हाणी फोडून तिथे नहाणी ट्रॅप बसताना मी पाहिला आहे.

मिस्त्री शिकले हैदराबादला, एका ओडिया उस्तादाच्या हाताखाली. यात नवल काही नाही. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातले, विशेषतः पट्टामुंडाईकडचे प्लंबर देशभर पसरलेत, आणि तिथे सरकारी प्लंबिंग संस्थाही आहे. उस्तादाने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या असं ते म्हणतात. पहिली, उतार डोळ्याने नाही, लेव्हलच्या नळीने काढायचा. चाळीस फुटांत एक फूट, म्हणजे फुटाला साधारण पाव इंच. दुसरी, कुठलीही कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा आतला सुटा भाग, बसवायच्या आधी लाइन धुवायची.

दुसरी गोष्ट मी पाहिली ती पुढच्या खेपेला, टाइल लागून गेल्यावर. मिस्त्रींनी डायव्हर्टरच्या तोंडाला जुन्या धोतराचा तुकडा बांधला आणि वरचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी आधी लालसर आलं, मग दुधासारखं, मग स्वच्छ. फडकं सोडलं तर त्यात चिमूटभर कचरा होता: पाइप कापताना पडलेला सीपीव्हीसीचा भुसा, सिमेंटचे कण, आणि बोअरची बारीक वाळू. “ह्यातला एक दाणा आत गेला ना सर, की पंधराशेची कार्ट्रिज गेली.” आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, त्यांच्या मध्ये रबर नाही. म्हणून त्या वर्षानुवर्षं टिकतात, आणि म्हणूनच वाळूच्या एका ओरखड्याने टपकायला लागतात.

दाबाची परीक्षा त्याआधीच झाली होती, भिंत उघडी असताना. सगळ्या तोंडांना डमी लावून हातपंपाने लाइनमध्ये सात किलोचा दाब भरला आणि रात्रभर ठेवला. सकाळी काटा थोडा खाली दिसला आणि माझ्याच पोटात गोळा आला. मिस्त्री चहा पीत राहिले. काल दुपारी चारला भरलं, उन्हाची वेळ. आता गारवा आहे. काटा बघायचा तर चारलाच. चारला काटा जागेवर होता.

अधांतरी कमोडचं आजींना पटत नव्हतं. “पडलं म्हंजे?” चार इंची भिंतीच्या भरवशावर तो टांगलेला नाही, मागे जमिनीवर रोवलेली लोखंडी चौकट आहे आणि ती 400 किलो सोसते अशी कंपन्यांची ग्वाही असते, हे मी सांगितलं. मिस्त्रींनी काही सांगितलं नाही. मदतनीस मुलाला झाकणावर उभं केलं आणि उड्या मारायला लावल्या.

आणखी एक गोष्ट चित्रात नव्हती. शॉवरच्या बाजूला जमिनीपासून दीड फुटावर त्यांनी एक साधा नळ काढून ठेवला होता. फोनवर पुण्याहून आरडाओरडा झाला, डिझाइन बिघडलं म्हणून. मिस्त्री फोन कानापासून लांब धरून ऐकत होते. नळ राहिला. बादली त्याच्याखाली बरोबर बसते.

आता अडचणी. त्यांची यादी संपत नाही.

पहिली दाबाची. दहा मीटर उंचीवरून उतरणारं पाणी एक किलो दाब देतं. या घराची टाकी स्लॅबवर, चार फुटांच्या स्टँडवर. शॉवरच्या वर आठ-नऊ फूट, म्हणजे पाव किलोच्या आसपास. परातीएवढ्या शॉवरला निदान एक किलो हवा, नाहीतर मधल्या भोकांतून धार आणि कडेच्या भोकांतून थेंब. याच तालुक्यात इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा कसलाही पंप न लावता कोसळते, पण ती टाकीत येत नाही. तेव्हा प्रेशर पंप आला. पंप लावणाऱ्या कितीतरी घरांत तो फक्त थंड लाइनवर लावतात आणि मग थंड पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये घुसतं, अंगावर गरम येतच नाही. इथे दोन्ही लाइन एकाच पंपावर आहेत. वीज गेली तर पाणी थांबू नये म्हणून शेजारून दुसरी वाट आणि तिच्यावर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात तिचा उपयोग पंपापेक्षा जास्त होईल, असा माझा अंदाज आहे.

दुसरी पाण्याची. मराठवाड्याचा काळा कातळ किनवटकडे संपत येतो आणि ग्रॅनाइट लागतो. इथल्या भूजलात फ्लोराइड जास्त सापडतं हे भूगर्भशास्त्रज्ञांनी नोंदवलेलं आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बाथरूमला त्याचं सोयरसुतक नसतं, बाथरूमला भीती क्षारांची. या घरच्या बंबाच्या आत बोटाच्या पेराएवढा पांढरा थर बसला होता. तोच थर शॉवरच्या भोकांत बसणार. रबरी भोकं अंगठ्याने चोळली की सुटतात, तीही आठवड्याच्या आठवड्याला चोळली तर. दुकानदार मिठावर चालणारं सॉफ्टनर घ्या म्हणत होता आणि त्याने फ्लोराइडही जातं असं ठोकून देत होता. जात नाही. कॅल्शियम जातं, त्याच्या जागी सोडियम येतं, फ्लोराइड जिथल्या तिथे.

तिसरी अडचण सुट्या भागांची. साध्या नळाचा वायसर किनवटच्या बाजारात रात्री आठलाही मिळतो. या डायव्हर्टरची कार्ट्रिज नांदेडलाही मागवून घ्यावी लागते. पाच-सात वर्षांनी कंपनीने ते मॉडेल बंद केलं तर पितळी अंग टाइलच्या मागे धडधाकट आणि त्यात बसणारी कार्ट्रिज जगात कुठेच नाही, असं होऊ शकतं. मग भिंत फोडायची. ती टाइल तोवर कुठे मिळणार? मिस्त्रींनी सहा टाइल जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवायला लावल्या आहेत, आणि कार्ट्रिजही एक जास्तीची. ती आजींच्या ट्रंकेत आहे, लुगड्यांच्या घडीत.

चौथी मला सगळ्यात अवघड वाटली. भिंतीत काय कुठून गेलंय, याचा नकाशा कोणाकडेच नाही. संगणकावरचं चित्र टाइलच्या बाहेरचं. आतलं फक्त मिस्त्रींच्या डोक्यात आणि त्यांच्या फोनमध्ये. प्लास्टरच्या आधी ते प्रत्येक भिंतीचे फोटो काढतात. पूर्वी नुसतेच काढायचे. आता विटांवर कोळशाने मालकाचं नाव आणि तारीख लिहून, शेजारी टेप ताणून काढतात. मी त्यांना म्हटलं, हे मालकालाही पाठवत जा. “पाठवतो ना. ते फोन बदलतेत.”

आम्ही ओसरीवर बसलो असतानाच गोकुंद्याहून कोणाचा तरी फोन आला. आरशासाठी भिंतीला भोक पाडायचं होतं, कुठे पाडू? मिस्त्रींनी चष्मा लावला आणि बोटाने फोटो सरकवायला सुरुवात केली. एकामागून एक उघड्या भिंती: विटा, पांढरे पाइप, पितळी तोंडं, कुठे चप्पल, कुठे चहाचा कप. तीन-चार वर्षांपूर्वीचं काम, म्हणजे कोळशाने लिहायच्या आधीचं. एका भिंतीवर बोट थांबलं. पुढच्या भिंतीवरही थांबलं. दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

“भोक पाडू नका,” ते फोनमध्ये म्हणाले. “मी येतो.” आणि मुलाला ओळंबा आणायला सांगितला.