तंबू ठोकायचा तो उजेडातच

दिवाळीची सुट्टी संपली की महाविद्यालयांना अभ्यास सहलींचे वेध लागतात. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आंबोलीला किंवा भीमाशंकरला निघतात, भूशास्त्राचे नाणेघाटाकडे. बस सकाळी सहाला सुटणार असे ठरते, सुटते आठला. वाटेत दोनदा चहा, घाटात दोघा-चौघांना उलट्या, आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत सूर्य डोंगराआड गेलेला. मग मोबाइलच्या उजेडात जिथे सपाट दिसेल तिथे तंबू ठोकले जातात.

अंधारात सपाट वाटलेली जागा कधी कोरड्या ओढ्याचे पात्र निघते, कधी दगडांच्या ढिगाला किंवा पेंढ्याच्या गंजीला लागून असते. अशा जागी उंदीर असतात, पाली असतात आणि त्यांच्या मागावर मण्यारही येतो. हा साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात तो शिरतो आणि कूस बदलताना दाबला गेला की चावतो. त्याचे दात इतके बारीक, की वेदना फारशी होत नाही, सूज जवळजवळ नसते. झोपलेल्याला जाग येतेच असे नाही.

पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. सहलीत असे झाले की पहिला संशय आदल्या दिवशीच्या वडापाववर! अॅसिडिटीची गोळी देऊन मुलाला पुन्हा झोपवले जाते. तोवर विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडू लागलेले असते. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे जड होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून जमिनीवर झोपलेल्या कुणाचे पहाटे अकारण पोट दुखले आणि पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालते. मण्यारच्या दंशात मात्र कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोयही लागू शकते. ती जवळ कुठे आहे, याची चौकशी बस सुटण्यापूर्वीच झालेली बरी. रानात रेंज मिळेलच असे नाही.

बचाव अगदी साधा आहे. तळ शिवलेला तंबू आणि सतत बंद ठेवलेली चेन. शाळेच्या किंवा देवळाच्या ओवरीत मुक्काम असेल तर मच्छरदाणी, तीही कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली. नुसती टांगलेली मच्छरदाणी सापाला अडवत नाही.

उजेडी पोहोचले तर मान वर करून पाहताही येते. कड्यावर किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ असेल, तर त्याखाली चूल पेटवणे म्हणजे माश्यांना आमंत्रणच. धुराने त्या पिसाळतात आणि दूरवर पाठलाग करतात.

दाट झुडपालगतची जागाही टाळलेली बरी. तिथल्या बारीक किड्यांच्या अळ्या, म्हणजे चिगर, चावल्याने स्क्रब टायफस होऊ शकतो. ताप चढतो तो साधारण दहा दिवसांनी, घरी परतल्यावर. तोवर सहल विसरली गेलेली असते आणि तपासण्या डेंगी-मलेरियाच्या होतात. काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखा काळा, न दुखणारा डाग दिसला तर तो डॉक्टरांना दाखवावा आणि रानात मुक्काम केल्याचे सांगावे. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाले, तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.